१८ जून आणि आमच्या वाचनालयाचा फळा

कुळागर (धागाकर्ता)

मंडळी, एक सल्ला हवा आहे.

फोंड्याजवळच्या आमच्या गावात वाचनालयाच्या दारातच एक काळा फळा आहे. निवृत्त झाल्यापासून त्यावर रोज ‘आजचा दिनविशेष’ लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. वाचणारे म्हणजे कदंब बसची वाट बघणारी शाळेची मुलं, पेपर वाचायला येणारी माझ्याच वयाची मंडळी आणि पावसात आडोशाला थांबलेला कुणीही. एरवी अडत नाही. दोन जन्म, दोन मृत्यू, एखादी लढाई की फळा भरतो.

१८ जून आला की मात्र पंचाईत होते. पाच ओळी जेमतेम मावतात, आणि दिवस बघा: १५७६ हळदीघाट, १८१५ वॉटर्लू, १८५८ झाशीची राणी, १९३६ मॅक्झिम गॉर्कींचं निधन, १९४६ मडगावात डॉ. लोहिया, १९८३ कपिल देवच्या नाबाद १७५ धावा, २०१० पोर्तुगीज लेखक जुझे सारामागो गेले, २०२१ मिल्खा सिंग गेले. आणखी खणलं तर आणखी निघेल.

समितीतले एकजण म्हणतात, लोहिया कशाला लिहायचे, गोव्यात ते पोराटोरांनाही ठाऊक. म्हणून मागच्या वेळी मुद्दाम एका आठवीतल्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, “लोहिया म्हणजे मडगावचं मैदान ना?” आणि अठरा जून म्हणजे? “पणजीतला रस्ता. तिथे कपडे चांगले मिळतात.”

आता सांगा, काय ठेवू आणि काय पुसू?

---

पाजीफोंड

मुलीला हसू नका. आम्ही मडगावची माणसं त्या मैदानावर भेळ खातो, गाडी लावायला जागा शोधतो, निवडणुकीच्या सभा ऐकतो. पुतळ्याकडे मान वर करून बघणारे किती?

तुमच्या फळ्यावर ‘१९४६ : डॉ. राम मनोहर लोहिया यांनी गोवा मुक्तिलढ्याचे रणशिंग फुंकले’ असं काही असेल तर तेही पुसा. रणशिंग फुंकलं म्हणजे नेमकं काय केलं, हे त्यातून कुणालाच कळत नाही.

लोहिया सत्याग्रह करायला आलेच नव्हते. आले होते विश्रांतीला. बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत, मग पकडले गेले, लाहोरच्या किल्ल्यात छळ, एप्रिल १९४६ मध्ये सुटका. तब्येत पार ढासळलेली. डॉ. ज्युलियांव मिनेझिस हे बर्लिनमधल्या शिक्षणाच्या दिवसांपासूनचे त्यांचे मित्र. ते म्हणाले, चल माझ्या गावी, असोळण्याला. जूनच्या १० तारखेच्या सुमारास दोघे पोचले.

असोळण्यात बातमी लपते थोडीच. मडगाव, पणजीहून माणसं भेटायला येऊ लागली आणि प्रत्येकजण एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगू लागला : इथे तोंड उघडता येत नाही. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत सभेला आधी परवानगी, छापायच्या प्रत्येक ओळीवर सेन्सॉर, लग्नपत्रिकाही त्यातून सुटत नव्हती. लोहियांनी ठरवलं की परवानगी न मागता सभा घ्यायची. मागणी एवढीच की माणसाला बोलता आलं पाहिजे, जमता आलं पाहिजे. हा मुद्दा मला मोठा वाटतो. त्या दिवशीची लढाई नागरी स्वातंत्र्याची होती.

१८ जून, मंगळवार. धो धो पाऊस. टॅक्सीवाले पोलिसांच्या धाकाने न्यायला तयार नव्हते, म्हणून लोहिया आणि मिनेझिस घोडागाडीतून मैदानाकडे आले. बंदी असूनही माणसं जमलेली. कॅप्टन फोर्तुनातो मिरांडा हा प्रशासक पिस्तूल काढून पुढे झाला. लोहियांनी त्याचा हात धरून बाजूला केला आणि बोलायला सुरुवात केली. दोघांना लगेच अटक झाली. दुसऱ्या दिवशी सोडलं, आणि लोहियांना हद्दीबाहेर काढलं. फळ्यावर लिहायचंच तर ‘पिस्तुलाचा हात बाजूला केला’ एवढं लिहा. मुलं थांबून वाचतील.

---

तिथीवार

पाजीफोंड यांचा प्रतिसाद आवडला. मी जरा तारखांचा कीस पाडतो, सवय आहे.

राणीची तारीख १७ की १८ हा घोळ जुना आहे. कोटा-की-सरायची लढाई इंग्रजांच्या कागदांत १७ जूनला पडते, आपल्याकडे बलिदान दिन १८ जूनला पाळतात, ग्वाल्हेरलाही. फळ्यावर १८ लिहिलंत तर कुणी भांडायला येणार नाही, पण एखादा अभ्यासू म्हातारा आलाच तर त्याला चहा पाजा आणि १७ पण मान्य करा.

हळदीघाटाची गंमत याहून मोठी. काही ठिकाणी १८, काही ठिकाणी २१ जून छापतात. त्यात १५७६ म्हणजे जुन्या ज्युलियन पंचांगाचा काळ. आजचं ग्रेगोरियन पंचांग १५८२ मध्ये आलं. पोर्तुगालने ते लगेच स्वीकारलं, तिथे ४ ऑक्टोबरला झोपलेला माणूस सकाळी १५ ऑक्टोबरला उठला. म्हणजे १८ जून १५७६ हा दिवस आजच्या हिशेबाने २८ जून होतो.

हे आपल्या अंगणातही आहे, बरं का. आफोंस द आल्बुकेर्कने गोवा घेतला तो २५ नोव्हेंबर १५१०, सांता कातारिनाचा दिवस. म्हणून जुन्या गोव्यातलं सेचं कॅथेड्रल तिच्या नावाचं. आजच्या पंचांगात ती तारीख ५ डिसेंबरला जाते. तरी सण २५ लाच, कारण सण संतिणीचा. शिवजयंती तिथीने की तारखेने यावर आपण एकमेकांची डोकी फोडतो, तेव्हा मला कातारिना आठवते. तिचा प्रश्न चर्चने फार शांतपणे सोडवलाय.

---

अबोली

+१ तिथीवार. वाचनखूण साठवली.

---

शेवटचा_बाक

मास्तर, कपिलला हात लावलात तर याद राखा!

इथे बऱ्याच जणांना वाटतं की १७५ म्हणजे नुसता आकडा. टनब्रिज वेल्स, झिम्बाब्वेविरुद्ध. गावसकर शून्य, श्रीकांत शून्य, ४ बाद ९, मग ५ बाद १७. हरलो असतो तर उपांत्य फेरीचं काही खरं नव्हतं. मग कपिल १३८ चेंडूंत नाबाद १७५, १६ चौकार, ६ षटकार. ६० षटकांत ८ बाद २६६. आणि जो माणूस कुणी आठवत नाही तो सय्यद किरमाणी. नाबाद २४, नवव्या विकेटसाठी न तुटलेली १२६ ची भागी. झिम्बाब्वे २३५ वर आटोपला, ३१ धावांनी जिंकलो, आणि बरोबर एका आठवड्याने लॉर्ड्सवर कप.

आणि यातलं काहीही पडद्यावर नाही. त्या सामन्याचं चित्रीकरणच झालं नाही. आमचे वडील मडगावहून निघणारा ‘राष्ट्रमत’ घ्यायचे. रविवारच्या अंकात तो धावफलक होता आणि आमच्या वाड्यावरच्या पोरांनी त्या फलकावरूनच अख्खी खेळी रचली. कुठला षटकार कुठे गेला हे प्रत्येकाला ‘माहीत’ होतं. गोट्याने तर एक चेंडू झाडीत हरवल्याचंही पाहिलं होतं, फोंड्यात बसून.

त्याच शनिवारी आपल्या वेळेने संध्याकाळी पाचच्या सुमारास सॅली राइड चॅलेंजरमधून अवकाशात गेली, पहिली अमेरिकन बाई. ही ओळ मुलींसाठी लिहा.

अवांतर : १८ जूनला क्रिकेटचा मृत्यूही आहे. डग्लस जार्डीन, १९५८. बॉडीलाइनवाला. जन्माने मुंबईकर! १९३२ मध्ये लॉर्ड्सवर आपली पहिली कसोटी झाली तेव्हा समोर कर्णधार तोच, आणि १९३३ मध्ये मुंबईत भारतातली पहिली कसोटी झाली तेव्हाही तोच. त्याला पाच ओळींत जागा नाही हे मला कळतं. उगाच सांगितलं.

---

शून्यलब्धी

सगळ्यांचा उत्साह बघून थोडं पाणी ओततो. माफी असावी.

कुठलीही तारीख घ्या, अशीच भरगच्च निघते. वर्षाचे दिवस ३६५, लिहिलेला इतिहास हजारो वर्षांचा, माणसं अब्जावधी. १९ डिसेंबर घ्या. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, १९२७ मध्ये रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खान आणि रोशन सिंग एकाच दिवशी तीन वेगवेगळ्या तुरुंगांत फासावर गेले, १८६० मध्ये लॉर्ड डलहौसी मेला, १९३४ मध्ये प्रतिभाताई पाटील जन्मल्या. यातून काय निष्पन्न होतं? काही नाही. पंचांगाच्या एका घरात चार पाहुणे उतरले, एकमेकांना ओळखत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपवर सकाळी येणारं दिनविशेष मी न वाचता पुसतो. त्यात नेपोलियन, राणी आणि कुठल्याशा नटाचा वाढदिवस एकाच रांगेत, एकाच आकाराच्या अक्षरांत. खालून फुलांचं चित्र. इतिहासाचा असा रतीब घालून काय मिळतं?

---

पेडणेकरीण

शून्यलब्धी, तुमचं गणित बरोबर आहे, पण सगळ्या तारखा योगायोगाने उतरत नाहीत. काही निवडलेल्या असतात.

२६ जानेवारी घ्या. १९३० चा पूर्ण स्वराज्याचा दिवस होता, म्हणून १९५० मध्ये घटना त्या दिवशी अमलात आणली. आणि आमच्या पेडण्याच्या हद्दीवर पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ ला जे घडलं ते १५ ऑगस्टलाच का घडलं? सत्याग्रहींनी तो दिवस जाणूनबुजून धरला होता. भारत स्वतंत्र झाल्याच्या दिवशी निःशस्त्र गोव्यात शिरायचं. पोर्तुगीज शिपायांनी गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेला कर्नैल सिंग बेनिपाल तिथेच पडला. तिथली तारीख बदलली तर अर्थही बदलतो.

१८ जूनही नंतर तसाच झाला. १९४६ ला ती साधी सभेची तारीख होती. पुढे चळवळीने ती धरून ठेवली, वर्षानुवर्षं तिची आठवण काढली, म्हणून आज ती क्रांती दिन आहे. कुळागर, फळ्यावर हेच आलं पाहिजे. त्या सभेनंतर काय काय पेटलं ते लिहा. गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये लोहियांची बाजू घेतली. ऑगस्टमध्ये लोंढ्याला नॅशनल काँग्रेस (गोवा) उभी राहिली. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्य यांना जुलैत पकडून लष्करी न्यायालयासमोर उभं केलं, आठ वर्षांची शिक्षा, पोर्तुगालातल्या पेनिश किल्ल्यात. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे हेही तिकडेच पाठवले गेले. घरापासून समुद्रापार. लोहिया सप्टेंबरअखेर पुन्हा आले, कुळ्याला पकडले गेले, आग्वादला कोंडले गेले.

कुन्य १९५८ मध्ये मुंबईत वारले. गोवा मुक्त झालेला त्यांनी पाहिला नाही. अशी माणसं दिनविशेषात येत नाहीत, कारण त्यांच्या नावावर ‘विजयाची’ तारीख नसते.

---

तांबडीमाती

वॉटर्लू पुसायच्या आधी माझं ऐका. “ते आपलं नाही” असं कुणीतरी म्हणणारच.

नेपोलियनच्या धास्तीने इंग्रजांनी १७९९ पासून १८१३ पर्यंत गोव्यात आपलं सैन्य ठेवलं होतं. पोर्तुगीज मित्र, पण फ्रेंच येऊन गोवा गिळतील ही भीती. दोना पावलाला राजभवनाकडे जाताना त्या फौजेची छोटी दफनभूमी आहे. दगडावर इंग्रजी नावं, आजूबाजूला काजूची झाडं, पर्यटक सगळे पुढे जेट्टीवर सेल्फी काढायला. नेपोलियनची सावली ताळगाव पठारापर्यंत आली होती, असं म्हणायला हरकत नाही.

वॉटर्लूचा वेलिंग्टन तर आपला जुना ओळखीचा. १८०३ मध्ये जालन्याकडच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांना हरवलं ते यानेच. आपली सर्वांत चांगली लढाई कुठली, असं पुढे विचारलं तेव्हा त्याने वॉटर्लू नव्हे, असई सांगितली होती. वॉटर्लूला आदल्या रात्री पाऊस झाला, चिखलात तोफा हलेनात, म्हणून नेपोलियन दुपारपर्यंत थांबला आणि तेवढ्यात प्रशियन फौज जवळ आली. मडगावलाही पाऊस होता. दोन्हीकडे पाऊसच, पण मडगावात कुणी थांबलं नाही.

(शून्यलब्धी, हो, मला माहितेय, काही निष्पन्न होत नाही. पण लिहायला बरं वाटलं.)

---

खाजन

सारामागो ठेवा. पोर्तुगीज भाषेतला पहिला नोबेलविजेता, १९९८. आणि ज्या सालाझारने इथे लग्नपत्रिका तपासल्या त्याच्याच राजवटीत तो लिस्बनमध्ये वाढला. १९६९ पासून कम्युनिस्ट पक्षात, तेव्हा पक्षावर बंदी होती. पोर्तुगीज म्हणजे सगळे एका माळेचे मणी नव्हेत, एवढं तरी आठवीच्या मुलीला कळू दे. तिथलेही लोक त्याच जोखडाखाली होते, १९७४ च्या एप्रिलपर्यंत.

तारखांच्या धाग्यात हे सांगितलंच पाहिजे : त्याचा जन्म १६ नोव्हेंबर १९२२ चा, पण कागदोपत्री १८ नोव्हेंबर. बापाला नोंदणीला उशीर झाला, दंड पडू नये म्हणून दोन दिवस पुढे सरकवले. वर नोंदणी कारकुनाने घराण्याचं टोपणनाव आडनाव म्हणून चिकटवून दिलं. नोबेल मिळालं ते त्या टोपणनावाला.

आमच्या घरात याच्या उलट. आजीच्या जन्माची नोंद रेजिस्तु सिव्हिलमध्ये तासासकट, पोर्तुगीजमध्ये, सुंदर वळणदार अक्षरात. कोल्हापूरहून आलेली माझी सासू मात्र १ जूनची. तिची तिन्ही भावंडंही १ जूनची. शाळेत घालताना मास्तरांनी जी लिहिली ती.

---

शेवटचा_बाक

खाजन, १ जून हा महाराष्ट्राचा राष्ट्रीय वाढदिवस आहे. त्या दिवशी फळ्यावर फक्त ‘सर्वांना शुभेच्छा’ लिहायचं.

---

कुळागर

वा! एवढं येईल असं वाटलं नव्हतं. शून्यलब्धींचं पाणीही कामाचं निघालं. एका आकाराची आठ अक्षरं लिहिण्यापेक्षा एक गोष्ट मोठी आणि बाकीच्या कडेला, असं करायचं ठरवतोय.

वरच्या दोन-तृतीयांशात मडगाव : पाऊस, घोडागाडी, पिस्तूल, हात. खाली राणी, कपिल, सारामागो. हळदीघाट गाळतोय, तिथीवारांमुळे आता ती तारीख लिहायला खडू धजावत नाही. गॉर्की आणि मिल्खा सिंगांची मनातून माफी मागतो. मिल्खा सिंगांना गाळताना जीव कासावीस होतो. पाच दिवस आधी बायको गेली, मग हे गेले, करोनाने. रोमला ४०० मीटरमध्ये चौथा आलेला माणूस आमच्या फळ्यावरही चौथाच राहिला की.

समितीचे ते सद्गृहस्थ म्हणतील, राणी खाली का? राणी तर मराठी. मोरोपंत तांब्यांची मनू.

---

तिथीवार

त्यांना सांगा, वर्षभर राणीला वर ठेवायला बाकीचं सगळं मराठी जग आहे. १८ जूनला मडगाव वर ठेवायला फक्त आपण आहोत.

आणखी एक, राणीशेजारी जागा उरली तर. १८ जून १८५८ ला इंग्लंडमध्ये चार्ल्स डार्विन एक पत्र लिहीत होता. मलाय द्वीपसमूहातून आल्फ्रेड वॉलेसचं टपाल आलं होतं आणि त्यात डार्विन वीस वर्षं मनात घोळवत होता तोच सिद्धांत होता. घाबराघुबरा होऊन त्याने आपल्या भूवैज्ञानिक मित्राला, लायेलला, कळवलं. पुढच्या १ जुलैला दोघांचे लेख लंडनच्या लिनियन सोसायटीत एकत्र वाचले गेले. ग्वाल्हेरची धूळ अजून बसली नव्हती तेव्हा.

---

पाजीफोंड

लोहियांच्या जन्मतारखेचाही किस्सा आहे. २३ मार्च १९१०. एकवीस वर्षांनी त्याच तारखेला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव फासावर गेले. त्यानंतर लोहियांनी वाढदिवस साजरा करणं सोडलं आणि कार्यकर्त्यांनाही करू दिला नाही. शून्यलब्धी, योगायोगच आहे, मान्य. पण एका माणसाने तो योगायोग आयुष्यभर पाळला, याला काय म्हणाल?

---

शून्यलब्धी

याला मी काही म्हणत नाही, गप्प बसतो. २३ मार्चच्या फळ्यावर ही ओळ लिहा, मी फोंड्याला येऊन वाचेन.

---

पेडणेकरीण

सगळं छान, पण १९ जूनला पुसून पुन्हा दोन जन्म, दोन मृत्यू नको. २० जून राखून ठेवा. लोहियांना काढून दिल्यावर मडगावात पुन्हा सभा झाली आणि वत्सला कीर्तनी ही तरुण मुलगी बोलायला उभी राहिली. पोलिसांनी तिला नेलं, तर बाकीच्या बायका तिच्यामागून ठाण्यावर गेल्या. १९४६ मध्ये, मडगावात, नऊवारी नेसून, पावसात. तुमच्या त्या आठवीतल्या मुलीला हे वाचू दे, मैदान आणि कपड्यांची दुकानं तिला आधीच पाठ आहेत.

---

कुळागर

२० ची ओळ तुम्हीच लिहून पाठवा, बाय. बारा-पंधरा शब्दांत बसवा, जास्त झाली तर मी कापणार. आणि पाजीफोंड, तुम्ही १८ ला सकाळी या. खडू माझा, अक्षर तुमचं.

---

पाजीफोंड

येतो. फळा छपराखाली आहे ना? जूनचा पाऊस आहे म्हणून विचारतो.